पिवळ्या खोक्यातला पंप

करुणा खरातचं काम सांगायला सोपं होतं, पण ऐकणाऱ्याला पटायचं नाही. वाळूजच्या कारखान्यात ती दिवसभर नाव पुसायची. गाडीच्या इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप असतो ना, त्याच्या अंगावर गाडीवाल्या कंपनीचा मार्का ओतकामातच उमटून येतो. तो मार्का ग्राइंडरच्या चाकाला लावायचा, घासून सपाट करायचा, वरून बोट फिरवून बघायचं आणि पंप पॅकिंगच्या टेबलाकडं सरकवायचा. लेक मोनाली पाळण्यात होती तेव्हापासून करुणा या चाकावर होती. आता मोनाली कॉलेजात जात होती आणि "आई काय करते" असं कुणी विचारलं की "क्वालिटीत आहे" म्हणून सांगत होती. पोरीचंही बरोबरच आहे. नाव पुसते म्हणून कसं सांगायचं?

आता तुम्ही म्हणाल, चांगला उमटलेला मार्का घासायचाच कशाला? त्याचं असं आहे. पंप बनतो एकाच ठिकाणी, मालक अतुल साहेबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. डाय म्हणजे ओतायचा साचा एक, ॲल्युमिनियम एक, बायकाही त्याच. त्यातले काही पंप मार्क्यासकट गाडीवाल्या कंपनीच्या पांढऱ्या खोक्यात जातात आणि 'ओरिजनल' म्हणून मिरवतात. बाकीचे 'सोबती' नावाच्या दुकानांच्या पिवळ्या खोक्यात जातात आणि निम्म्या किमतीत विकले जातात. 'सोबती'वाले स्वतः एक खिळासुद्धा बनवत नाहीत. खोकी तेवढी त्यांची. गाडीवाल्या कंपनीनं याला परवानगी दिली होती, पण दोन अटी घातल्या होत्या. पिवळ्या खोक्यात मार्का दिसता कामा नये, आणि हा माल कोण बनवतं ते बाहेर कळता कामा नये. डाय कंपनीच्या मालकीची. अट मोडली तर कंपनी डाय टेम्पोत घालून घेऊन जाणार, आणि मग शेडमध्ये उरणार नुसते पंखे.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी चहाच्या आधीच अतुल साहेब ग्राइंडरपाशी आले. चांगला हसतमुख माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सिल्लोडहून एका गॅरेजवाल्यानं सोबतीच्या हेल्पलाइनला फोन केलाय," ते म्हणाले. "पिवळं खोकं फोडलं, तर आत मार्का असलेला पंप. तो म्हणतो, तुम्ही चोरीचा नाहीतर जुना माल धुऊन विकताय. उद्या तो थेट गाडीवाल्या कंपनीला फोन लावणार आहे."

सगळ्या शेडनं करुणाकडं बघितलं. चाक तिचं, मार्का तिचा.

"कोणत्या दिवसाचा माल, साहेब?"

"दसऱ्याचा."

"दसऱ्याला मी कुठं हुते?"

खरंच नव्हती. विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, आणि त्या दिवशी करुणा घरच्यांबरोबर पांढरी साडी नेसून विद्यापीठामागच्या बुद्धलेणीवर जाते. दरवर्षी जाते, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी डोक्याला हात लावला. आणि तेवढ्यात पॅकिंगच्या टेबलावर चिकटपट्टी ओढल्याचा करकर आवाज थांबला.

"साहेब," लक्ष्मीबाई म्हणाली, "मीच घातले ते."

झालं होतं असं. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा. प्रेसला हार, लेथला हार, करुणाच्या ग्राइंडरलाही झेंडूची माळ. आणि पाच ताजे पंप पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू, अक्षता, नारळ. पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, ही रीत. नेमका दुपारी पिवळ्या मालाचा टेम्पो आला, आणि पाच नग कमी पडले. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. पाटावर पाच पंप बसलेत. पण त्यांचा मार्का घासायचा कुणी? माळ घातलेलं चाक चालवायचं नाही, आणि हळदकुंकू लावलेल्या वस्तूवर चाक धरायचं नाही. लक्ष्मीबाईनं पदरानं कुंकू पुसलं, पाया पडली आणि पाचही खोक्यात घालून टाकले.

"मला वाटलं," ती म्हणाली, "मार्का हाय म्हंजे जास्तच दिलं की. कमी तर नाय ना दिलं."

कुणाला हसू आवरेना आणि कुणाला राग आवरेना. चार पंप सोबतीच्या गोदामातच सापडले, ते परत आले. पाचवा सिल्लोडला. साहेब स्वतः निघाले होते, पण करुणानंच त्यांना थांबवलं. साहेबांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. आणि मालक जाऊन उभा राहिला की कोण बनवतं ते झाकायचं कसं?

"मी जाते," ती म्हणाली. "दुसरा पंप नेते, तो देऊन हा आणते."

"ताकास तूर लागू देऊ नका," साहेब म्हणाले. "सोबतीकडून आलोय एवढंच सांगा. तो पंप परत आला नाही, तर करुणा, शेड बंद पडेल. खरंच सांगतोय."

लक्ष्मीबाई न विचारताच पिशवी घेऊन मागं निघाली.

बसमध्ये करुणा तिच्याशी बोलली नाही. हर्सूल गेलं, सावंगी गेली, घाट गेला, तरी नाही. लक्ष्मीबाईनं धपाट्यांचा डबा उघडला, पुढं केला, परत ठेवला. फुलंब्रीला बस थांबली तेव्हा तिनं पुन्हा पुढं केला.

"खा गं. रागानं पोट भरत नाय."

"मावशी, हळदकुंकवाला चाक लावायचं नाय, हे तुमचं खरं. मी त्यावर बोलत नाय. पण दुसऱ्या दिवशी मला सांगायचं तरी."

"सांगणार हुते."

"मग?"

लक्ष्मीबाईनं खोटं बोलायचा विचार केला, आणि मग सोडून दिला. "भ्याले," ती म्हणाली. "या वयात कुणी कामावरनं काढलं तर दुसरीकडं कोण ठेवंल मला?"

करुणानं एक धपाटा घेतला. राग होताच, पण भीती तिलाही कळत होती. शेड गेली तर तिच्या हाताला दुसरं काय येत होतं? नाव पुसणाऱ्याला कोण कामावर घेतो?

सिल्लोडला रस्त्याच्या कडेनं मका वाळत पडला होता. तक्रार करणाऱ्या सांडू शेखचं गॅरेज मार्केट यार्डाच्या अलीकडं. पुढं सुट्या भागांचं छोटं दुकान, मागं गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, आणि खड्ड्यावर एक पांढरी गाडी तोंड उघडून उभी. सांडूभाई साठीचे, दाढीला मेंदी, हात कोपरापर्यंत काळे. गाडीचा मालक कारभारी बाजूलाच टायरवर बसला होता. लग्नाची, दवाखान्याची भाडी मारणारा माणूस, आणि दिवाळी तोंडावर असताना गाडी अशी उभी. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

"आम्ही सोबतीकडून आलोय," करुणानं पिशवीतलं पिवळं खोकं पुढं केलं. "तो पंप द्या, हा घ्या. चूक झाली, माफी मागतो."

सांडूभाईंनी खोक्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बैठो ताई. पाणी प्या. बदली मला नको. मला फक्त सांगा, हा माल आला कुठून." त्यांनी फडक्यात गुंडाळलेला पंप काढला. मार्का लख्ख होता, आणि अक्षरांच्या खाचांत लाल काहीतरी अडकलं होतं. "हे बघा. जुन्या इंजिनातलं गंजाचं पाणी अक्षरात बसलंय. कुणाच्या तरी गाडीतून काढलेला पंप हाय हा. ह्या कारभारीनं काल चार माणसांत मला चोर म्हटलं. इतकी वर्षं दुकान चालवतो, चोर कुणी म्हटलं नव्हतं."

"मग काय म्हणू?" कारभारी टायरवरून म्हणाला. "पिवळ्या खोक्यात कंपनीचा मार्का. सरळ दिसतंय की."

करुणा काही सारवासारव करणार, एवढ्यात लक्ष्मीबाईचा तोल गेला.

"गंज कुठला? माझं कुंकू हाय ते."

करुणानं डोळे मिटून घेतले. ताकास तूर लागू द्यायची नव्हती, आणि या बाईनं अख्खं ताकच सांडलं.

सांडूभाईंनी नखानं खाचेतलं लाल उकरलं, बोटावर चोळलं, वास घेतला. "कुंकू," ते म्हणाले. "हौ, कुंकूच हाय. पण पंपाला कुंकू कायकू?"

अजूनही सांगण्यासारखं काहीबाही होतं. गोदामात पूजा होती म्हणावं, दुकानात होती म्हणावं. पण करुणानं त्या माणसाकडं बघितलं. त्याला बदली नको होती, पैसे नको होते. चार माणसांत गेलेली अब्रू परत हवी होती, आणि त्यासाठी एकच उत्तर हवं होतं. तिला त्याला फसवायची लाज वाटली.

"सांडूभाई," ती म्हणाली, "हा पंप आम्ही बनवतो."

आपण हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं. मग तिनं सगळं सांगितलं. पांढरं खोकं, पिवळं खोकं, एकच डाय, दसरा, टेम्पो. "तुम्ही उद्या फोन केला तर कंपनी डाय नेईल. आम्ही सगळ्या घरी बसू. आता तुमच्या हातात हाय."

सांडूभाईंनी हात फडक्याला पुसले. आत जाऊन फळीवरून दोन खोकी घेऊन आले, एक पांढरं, एक पिवळं, आणि दोन्ही तिच्यापुढं फोडली. "दाखवा."

करुणानं पिवळ्यातला पंप उचलला. घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि लगेच ओळखलं. "हा माझा हात," ती म्हणाली. "मी डावखुरी हाय. माझे घासल्याचे ओरखडे डावीकडं उतरतात. सुट्टीवर असले की प्रेरणा करती, तिचे उजवीकडं." तिनं तो पंप दोन्ही हातांत धरून ठेवला. इतकी वर्षं पंप टेबलाकडं सरकवले, पुढं ते कुठं जातात ते तिनं कधी बघितलं नव्हतं. आपण केलेली वस्तू सिल्लोडच्या फळीवर धूळ खात गिऱ्हाइकाची वाट बघते, याचा तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

सांडूभाईंनी तीनही पंप शेजारी ठेवले. पातं फिरवून बघितलं, भोकं जुळवून बघितली, बेअरिंगला कान लावला. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे पिवळ्या खोक्यातला सगळा माल असाच चांगला?"

"नाय सांगता येणार," करुणा म्हणाली. "फिल्टर कोण बनवतं, ब्रेकचा माल कुठून येतो, मला ठाऊक नाय. चांगला असंल, नसंल. मी पंपाचंच सांगू शकते."

सांडूभाई पहिल्यांदा हसले. "माझ्याकडं येणारा प्रत्येक एजंट म्हणतो, सगळा माल एक नंबर. ही पहिली बाई, जी म्हणते मला ठाऊक नाय." ते कारभारीकडं वळले. "ऐकलं? खरं बोलतीया ती. पिवळ्या खोक्यातल्या क्लच प्लेटनं मला दोनदा रडवलंय. पंपानं एकदाही नाय."

पण कारभारीच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तो उठला, मार्का असलेला पंप उचलला आणि छातीशी धरला.

"म्हंजे हा ओरिजनल हाय?"

"तिन्ही ओरिजनल हायत," करुणा म्हणाली.

"ते ऱ्हाऊ द्या. ह्याच्यावर मार्का हाय. मी पैसे मोजलेत, हाच बसवायचा, मार्क्यासकट. आज संध्याकाळी स्टँडवर सगळ्यांना दाखवतो, पिवळ्याच्या भावात कंपनीचा घेतला म्हणून."

मघाशी चोरीचा होता तोच पंप आता सोडवेना. लक्ष्मीबाईनं कपाळाला हात मारला. सांडूभाईंनी समजावलं, चिडून बघितलं, काही उपयोग नाही. स्टँडवर एकदा का मार्का फिरला, की सिल्लोडहून शोरूमपर्यंत बातमी जायला किती वेळ?

"दादा," करुणा म्हणाली, "पंप तुमचाच. तो मी मागत नाय. फक्त मार्का मला द्या."

"आन उद्या गळला तर कुणाला धरू?" कारभारी उसळला. "पांढऱ्या खोक्याचं तसं नाय. शोरूमला जाऊन भांडता येतं. तुमच्या पिवळ्याला मायबापच नाय. फोन केला की बाई म्हणती, एक दाबा, दोन दाबा."

करुणाला हे लागलं, कारण ते खरं होतं. मायबाप तिनंच तर घासून काढले होते, दररोज, स्वतःच्या हातानं.

"मला धरा," ती म्हणाली.

"तुला?"

"व्हय. करुणा खरात. गळला तर सांडूभाईंना सांगा, ते मला फोन करतील. मी स्वतः येईन, इथंच, ह्या टायरपाशी. तुमच्यादेखत फोडून दाखवीन काय बिघडलं ते."

कारभारी तिच्याकडं बघत राहिला. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला माणूस ओळखावाच लागतो, नाहीतर धंदा होत नाही. त्यानं पंप एकदा उलटसुलट केला, आणि तोंड वाकडं करून तिच्या हातात दिला.

"घासा मग. पण माझ्यासमोर."

सांडूभाईंनी हातात धरायचं छोटं ग्राइंडर पुढं केलं. करुणानं ते घेतलं, आणि थांबली. खाचांत अजून कुंकू होतं. तिच्या घरी ही पूजा नव्हती, तिला त्यात अडकण्यासारखं काही नव्हतं. पण लक्ष्मीबाई शेजारी उभी होती, आणि करुणानं तिच्याकडं बघितलं.

लक्ष्मीबाईनं पंप घेतला. अंबाड्यातला आकडा काढून एकेका अक्षरातलं कुंकू उकरलं, पदराचं टोक ओलं करून पुसलं, पंपाला कपाळ टेकवलं आणि परत दिला. "घे. आता लाव चाक. माझी काय हरकत नाय."

ठिणग्या उडाल्या नाहीत, ॲल्युमिनियमच्या उडत नाहीत. नुसता भुरका करडा कीस पडला. मार्का गेला, जागा सपाट झाली, ओरखडे डावीकडं उतरले. करुणाच्या खांद्यावरचं ओझं त्या किसाबरोबर खाली पडलं.

सांडूभाईंची एक पद्धत होती. बसवलेल्या प्रत्येक भागावर ते टोकदार सळईनं तारीख ओरखडायचे, म्हणजे पुढं गॅरंटीवरून गिऱ्हाइकाशी वाद नको. त्यांनी त्या कोऱ्या जागेवर तारीख घातली, आणि सळई करुणाकडं दिली.

"नाव घाला, ताई. कारभारी विचारतोय ना, कुणाला धरू."

"मी?"

"मग काय मी? बनवला कुणी?"

करुणानं सळई धरली. त्या जागेवर तिनं आजवर फक्त पुसलंच होतं. मग तिनं डाव्या हातानं, वेडंवाकडं, पण ठळक लिहिलं: करुणा.

"माझं बी घाल की," लक्ष्मीबाई म्हणाली. "खोक्यात मीच घातला ना."

जागा उरली होती एका अक्षरापुरती. करुणानं 'ल' काढला. लक्ष्मीबाईला तेवढा पुरला.

सांडूभाईंनी तिथंच हेल्पलाइनला फोन लावला, एक दाबला, दोन दाबला, आणि मोठ्यानं सांगितलं की तक्रार मागं घेतो, गैरसमज झाला होता, माल चांगला आहे. समोरच्या बाईनं आणखी काही विचारलं तेव्हा म्हणाले, "नाय, ते मला ठाऊक नाय," आणि करुणाकडं बघून डोळे मिचकावले. दुकानाच्या दारात उभ्या दोघा-तिघांना कारभारीनं स्वतःहून सांगितलं की सांडूभाईचा माल चोख आहे, चूक आपली होती. कसं कळलं ते मात्र सांगितलं नाही. सांडूभाईंनी त्याला आधीच दम दिला होता, तोंड उघडलंस तर तुझ्या गाडीला यापुढं हात लावणार नाही.

पंप बसला, पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. एक थेंब गळला नाही. दोघी निघाल्या तर कारभारी आडवा आला.

"बसनं नका जाऊ. बसा गाडीत. चौक्याच्या घाटात इंजिन तापल्याचा काटा वर जातो का बघू. बनवणारी शेजारी असली म्हंजे बरं."

"भाडं?" लक्ष्मीबाईनं सावधपणे विचारलं.

"काटा वर गेला तर तुमच्याकडून घेतो."

करुणा पुढं बसली. फुलंब्रीपर्यंत कारभारीचा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. घाट आला, पुढं उसाचा ट्रक, गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली. काटा निम्म्यावर गेला आणि तिथंच बसून राहिला. वर पोचल्यावर कारभारीनं नुसतं "हं" केलं. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"सोबतीवाल्यांचा फोन होता, तक्रार मिटली म्हणे. काय केलंत तुम्ही? काही सांगितलं तर नाही ना?"

"सांगितलं, साहेब," करुणा म्हणाली. "सगळं खरं सांगितलं. त्या दोघांपलीकडं जायचं नाय ते. माझी जबाबदारी."

पलीकडून साहेबांनी श्वास सोडला. "बरं," ते म्हणाले. "बरं. कुठपर्यंत आलाय? बस मिळाली?"

"बस नाय, साहेब," करुणा म्हणाली. "आपला पंप ज्या गाडीत बसवला ना, तिच्यातच बसून येतोय."